आठवीसाठी बुडणं-तरंगणं: लिंबू आणि खिळ्याच्या पुढे काय करून घेता येईल?

प्रश्न असा: ऐरोलीची शाळा, आठवीची ४० मुलं, ३५ मिनिटांची तासिका. ‘बल व दाब’ पाठातल्या प्लावक बलासाठी (पाणी वस्तूला वर ढकलतं ते बल) प्रकल्प हवा आहे, आणि खाडीचं पाणी वापरलं तर चालेल का?

किचन फॉईलची नाव करायला द्या, पण आकारावर एक अट घाला. प्रत्येक गटाला १५ × १५ सेंमीचे तीनच चौकोन. पाच-पाच मुलांचे आठ गट केले तर ३० सेंमी रुंद रोलमधले १.८ मीटर पुरतात. कडा वळवून उघडा डबा करायचा. एक १ सेंमी उंच, दुसरा २.५, तिसरा ४. कोपरे कापू नका, दुमडा. कापून टेप लावली की तिथूनच पाणी शिरतं.

वजनाला गोट्या नकोत, त्या घरंगळून एका बाजूला जमतात आणि नाव कलते. नाणी चालतात, पण गटाला साठ-पासष्ट लागतील. शिवाय २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा आणि २०१९ चा ३.०९, म्हणजे मिसळले की आकडे बिघडले. त्यापेक्षा हार्डवेअरवाल्याकडून एकाच मापाचे दोन किलो वायसर आणा. दहा एकत्र तोलून एकाचं वजन काढा.

नाव पाण्यात सोडण्याआधी ती बुडेपर्यंत किती वजन पेलेल याचा अंदाज वहीत लिहून घ्या, खरा धडा तिथेच आहे. घनफळ येतं अनुक्रमे १६९, २५० आणि १९६ घनसेंमी, आणि एक घनसेंमी पाणी एक ग्रॅमचं, म्हणजे काठापर्यंत बुडालेली नाव कागदावर तेवढेच ग्रॅम पेलते (फॉईलचं वजन ग्रॅमभरही नसतं). प्रत्यक्षात तिन्ही नावा कमीच पेलतात, आणि प्रत्येकीचं कारण वेगळं. १ सेंमीवाली जरा कलली की काठावरून पाणी आत येतं. ४ सेंमीवालीच्या भिंती आत दबतात, कारण खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो. २.५ वालीत सगळे वायसर मध्येच ठेवले तर तळ झोळीसारखा लोंबतो; आधी चार कोपरे, मग मधला भाग. टबात किमान ७ सेंमी पाणी हवं, नाहीतर तळाला टेकलेली नाव मुलं तरंगती म्हणून मोजतात.

एक गंमत आधी दाखवा. फॉईलची चुरगाळलेली गोळी तरंगते, आणि ‘ॲल्युमिनियम हलकं असतं’ असं उत्तर हमखास येतं. तीच गोळी हातोडीने चेपून आतली हवा घालवा, बुडते. ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट आहे.

खाडीच्या पाण्याचा नाद सोडा. ते घाण असतंच, पण अडचण वेगळी आहे: अगदी समुद्राचं पाणी घेतलं तरी घनता साध्या पाण्याच्या १.०२५ पटीच्या आसपास, म्हणजे २५० ग्रॅमच्या नावेत फरक जेमतेम ६ ग्रॅमचा. वायसर जरा वाकडे ठेवले तरी त्याहून जास्त चूक होते. क्षारता दाखवायचीच असेल तर बॉलपेनची सरळ रिकामी नळी घ्या, खालचं टोक प्लॅस्टिसिनने (मुलांच्या खेळातल्या रंगीत मातीने) बंद करा आणि आत छर्रे टाकत जा, नळी उभी राहून १० सेंमी बुडेपर्यंत. साध्या पाण्याच्या रेषेवर खूण करा. मग लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात सोडा. नळी सुमारे ६ मिमी वर येते, पट्टीवर स्पष्ट वाचता येतं. मीठ पूर्ण विरघळू द्या. तळाशी राहिलं तर वरचं पाणी पातळ राहतं आणि नळी कमी वर येते.

हे सगळं एका तासात बसत नाही. नावा एका दिवशी, नळी दुसऱ्या.