ऑफर लेटर आलंय टीचर, जाऊ का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार टीचर. मी खानापूर तालुक्यातली. बी.ए. बेळगावात झालं, एम.ए. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून, मग बी.एड. आता एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवते, महिन्याला 16 हजार हातात पडतात. बेळगावातल्या एका एजंटनं थायलंडच्या लँग्वेज सेंटरची ऑफर आणलीय. पगार 30 हजार बाथ आणि राहायची सोय. त्याची फी दीड लाख, त्यातले 50 हजार आधी. तो म्हणतो, टुरिस्ट म्हणून जा, तिथं गेल्यावर व्हिसा बदलून देतात. मूळ सर्टिफिकेटं जॉइन होईपर्यंत त्याच्याकडं ठेवायची. आपला मराठी माणूस आहे, घरी येऊन बाबांशी बोलून गेला. बाबा म्हणतात जा, आईला काही पटत नाही. काय करू?
– एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : आईचं ऐक. परदेशी जाऊच नको असं नाही, ह्या माणसाच्या हातून जाऊ नको.

बाबांना त्याचं मराठी भावलं असणार. आपल्या सीमाभागात एखाद्या ऑफिसात कुणी मराठीत ‘या, बसा की’ म्हटलं, तर आपण निम्मे तिथंच गार होतो. एजंट लोकांना हे पुरतं ठाऊक असतं. तो मराठी बोलो नाहीतर कानडी, त्याच्याकडं परवाना आहे का तेवढं बघ. 1983 च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणं परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदणी करावीच लागते. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी मिळते, बेकायदा धंदा करणाऱ्यांचीही मिळते. आणि नोंदणी असलेल्याला सुद्धा उमेदवाराकडून 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. हा दीड लाख मागतोय. नोंदणी क्रमांक विचारून बघ. ‘मॅडम, आमची दिल्लीची मेन ब्रँच आहे’ असलं काही ऐकायला मिळालं, तर नमस्कार करून उठायचं.

आता टुरिस्ट म्हणून जायचं ते. एजंट इथं अर्धं खरं सांगतो, म्हणून माणसं फसतात. थायलंडमध्ये आत गेल्यावर टुरिस्टचा नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा काही वेळा करून मिळतो. पण वर्क परमिट हातात पडेपर्यंत वर्गात उभं राहणं बेकायदाच. पकडलं गेलं तर 5 हजार ते 50 हजार बाथ दंड, वर देशाबाहेर पाठवणी. आणि ते परमिट त्या मालकाच्या नावाचं असतं. म्हणजे पोचल्यावर मालक म्हणाला, ‘30 नाही, 22 हजार देतो’, तर तू कुठं जाणार? तक्रार करायची तर तूच बेकायदा. मुद्दाम आधी बोलावून घेणारे ह्याच भरवशावर असतात. ज्या शाळेला खरोखर शिक्षक हवा असतो, ती तू विमानात बसायच्या आधी नॉन-बी व्हिसासाठी आपल्या नोंदणीची कागदपत्रं पाठवते. ती पाठवायला नाखूष असेल, तर पुढचं काही बोलायचंच नाही.

‘टुरिस्ट म्हणून थायलंडला ये’ ह्या वाक्याला आणखी एक काळी बाजू आहे. बँकॉकच्या नोकरीचं सांगून आपली पोरं थायलंडच्या माए सोत गावाकडून नदीपलीकडं, म्यानमारच्या म्यावाडी भागात नेली गेली आणि ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर बसवली गेली. परराष्ट्र मंत्रालयानं 2022 मध्येच सावध केलं होतं, तरी मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेवर भारतीय परत आणावे लागले. त्यांना बहुतेक कॉम्प्युटरच्या कामाचं आमिष होतं, शिकवण्याचं नव्हे. पण बोलावण्याची रीत हीच.

सर्टिफिकेटांचं तुझं प्रकरण जरा किचकट आहे, सीमेवरच्या माणसाचं असतं तसं. पदवी ज्या राज्यातली, त्या राज्याचं अटेस्टेशन, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, आधी लागतो. म्हणजे बी.ए.चं कर्नाटकातून आणि एम.ए.चं महाराष्ट्रातून. मग परराष्ट्र मंत्रालय, मग लागेल तसा त्या देशाचा दूतावास. ‘सगळं बेंगळुरात करून देतो’ म्हणणाऱ्याला एक तर ह्यातलं कळत नाही, नाहीतर त्याला तुझे पैसे कळतात. अटेस्टेशनला मूळ कागद काही दिवस द्यावे लागतात, ते पावती घेऊन द्यावेत. पण ‘जॉइन होईपर्यंत आमच्याकडं’ म्हणजे तू मागं फिरू नयेस म्हणून ठेवलेलं गहाण. मुळीच द्यायचं नाही.

करार तुझ्याकडं आलाय का? पत्रात त्याबद्दल काहीच नाही. ऑफर लेटर म्हणजे करार नव्हे. मी बँकॉकला लागून नोन्थाबुरीत शिकवत होते, तेव्हा माझा करार शाळेशी नव्हता, एका एजन्सीशी होता. शाळा एजन्सीला देणार, एजन्सी आपला हिस्सा कापून मला देणार, तेही आज-उद्या करत. म्हणून सही कुणाची आहे ते सगळ्यात आधी बघायचं. मग महिने मोजायचे. तिथल्या शाळा मे महिन्याच्या मध्याला सुरू होतात आणि मार्चमध्ये मोठी सुट्टी लागते. दहा महिन्यांचा करार असेल तर त्या सुट्टीत घरभाडं तू कशातून भरणार? मग तास. ‘आठवड्याला 25 तास’ म्हणजे शिकवायचे 25 की सेंटरमध्ये बसायचेही त्यातच, हे लिहून घ्यायचं. आणि ‘व्यवस्थापन सांगेल ती इतर कामे’ हे एक वाक्य असतंच. माझ्या ओळखीच्या एका मुलीला त्याच वाक्याखाली डिसेंबरभर दर शनिवारी मॉलच्या दारात लाल टोपी घालून फुगे वाटायला उभं केलं होतं. एम.ए. इंग्लिश, फर्स्ट क्लास!

मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोल, पण खरं बोलायचं ते तिथं आज शिकवत असलेल्या शिक्षकाशी. शक्य तर आपल्याकडच्या नाहीतर फिलिपिन्सच्या, कारण गोऱ्या शिक्षकाला मिळणारी वागणूक आणि आपल्याला मिळणारी वागणूक एक नसते. कोरियात तर इंग्रजी शिकवण्याचा ई-2 व्हिसा मुख्यतः सातच देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि त्यात आपण नाही. त्या शिक्षकाला तीनच गोष्टी विचार : पगार कुठल्या तारखेला पडतो, वर्क परमिट किती दिवसांत मिळालं, आणि तुझ्या जागेवरची आधीची व्यक्ती का गेली. तिसऱ्या प्रश्नाला बोलणं अडखळलं, तर तेच उत्तर समज. आणि कुणाशी बोलूच देत नसतील, तर विषय संपला.

50 हजार दिले नसशील अशी आशा आहे. दिले असशील तर रोख की बँकेतून ते कळव. फोनवरचं एकही बोलणं पुसू नको.

प्रश्न : माझा मुलगा दुबईतल्या एका ट्रेनिंग सेंटरला इंग्रजी शिकवायला गेलाय. मालकानं ‘सुरक्षित राहील’ म्हणून पासपोर्ट ठेवून घेतलाय. मागायला तो भितो.
– एक वडील, निपाणी

उत्तर : नमस्कार. 1967 च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणं पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता. मालकाला तो ठेवायचा अधिकार नाही, आणि तिथल्या कायद्यानंही नाही. भांडण न करता मुलानं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागावा, ‘बँकेच्या कामाला हवाय’ एवढंच. उत्तर काय येतं त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. नाहीच दिला तर दुबईतला भारतीय वाणिज्य दूतावास आहे, परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तुम्हाला इथून निपाणीतूनही तक्रार टाकता येते. तो नोकरीच्या व्हिसावर आहे की व्हिजिटच्या, हे मात्र त्याला आधी विचारा. व्हिजिटवर असेल तर मालकाशी बोलण्याआधी दूतावासाशी बोलावं. तक्रारीत पासपोर्टचा नंबर लागतो. त्याच्याकडं फोटो नसेल तर घरात जुनी झेरॉक्स कुठं आहे ते आजच बघून ठेवा.