एका हाताने उघडणारा फोल्डिंग चाकू घेऊन खरंच समाधान मिळतं का, की नखाने उघडायचा साधा चाकूच बरा? आणि स्टील कोणतं घ्यावं?

मिळतं, शंभर टक्के. हा नुसता शौक आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या थोरल्या भावाचं म्हणणं असं की देवाने दोन हात दिलेत, मग चाकू एका हाताने उघडायची गरजच काय? त्याच्याकडे नखाच्या खाचेचा जुना चाकू आहे आणि वर्षानुवर्षं त्याचं काही अडलं नाही. मला मात्र हातात काम असतानाच चाकू लागतो. फांदी, दोरी, पोतं, शिडी, काही ना काही एका हाताने धरलेलंच असतं.

एका रात्री गोठ्यातून धडपड ऐकू आली. वासराने खुंट्याभोवती फिरून फिरून दावं गुंडाळून घेतलं होतं, त्यात पुढचा पाय अडकून ते आडवं पडलेलं. नायलॉनचं दावं मानेत रुतलं होतं, जीभ बाहेर आली होती. गाठ ताणाने इतकी आवळलेली की सुटायचं नाव नाही. डाव्या हाताची बोटं मी कशीबशी दाव्याखाली घुसवली आणि मान वर उचलून धरली. ती बोटं काढली असती तर सगळा भार पुन्हा गळ्यावर आला असता. उजवा हात खिशाकडे गेला. क्लिपमुळे चाकू खिशाच्या कडेलाच अडकवलेला असतो, चाचपावं लागत नाही. अंगठा पात्याच्या भोकात घातला, पातं उघडून लॉक झालं. पात्याची पाठ मानेकडे ठेवून दातेरी धारेने बाहेरच्या बाजूला ओढलं आणि दावं तुटलं. भाऊ विळा शोधून आला तोवर वासरू उभं राहिलं होतं.

तरी त्याचं वाक्य काय, तर "विळ्यानेही कापता आलं असतं." आलं असतं ना, पण विळा गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला होता आणि माझा एक हात वासराच्या गळ्याशी अडकला होता. नखाच्या खाचेचा चाकू खिशात असता तरी मी तो उघडणार कशाने, दातांनी?

हे भोक आणि क्लिप म्हणजे कालचं फॅडही नव्हे. स्पायडरको या अमेरिकी चाकू कंपनीने या दोन्ही गोष्टी असलेला चाकू १९८१ साली आणला होता.

उघडण्याचं कौतुक सगळे करतात, पण विकत घेताना चाकू बंद कसा होतो ते आधी बघा. लायनर लॉकमध्ये उघडं पातं अडवून धरणारी पातळ पट्टी अंगठ्याने बाजूला सारावी लागते, आणि तेव्हा अंगठा पात्याच्या वाटेत असतो. सवयीने जमतं, पण अंधारात, ओल्या हाताने मला ते नको वाटतं. आडव्या दांडीचं लॉक, म्हणजे बेंचमेड या चाकू कंपनीने १९९८ मध्ये आणलेल्या अ‍ॅक्सिस लॉकसारखं, त्यात दांडी मागे ओढायची असते, बोटं पात्याच्या वाटेत येतच नाहीत आणि डावखुऱ्यांनाही ते तितकंच सोयीचं. मी आता तेच वापरतो.

स्टीलवर लोक उगाच रात्र रात्र वाद घालतात. डी२ ची धार जास्त टिकते, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही, घामाने डाग पडतात. १४सी२८एन गंजाला चांगलं तोंड देतं आणि दगडावर धार पटकन परत येते. चाकू रोज वापरायचा असेल तर १४सी२८एन घ्या. फक्त दोऱ्याच कापायच्या असतील तर दातेरी पातं घ्या, पण त्याला धार लावणं कटकटीचं असतं.

भावाचा एक मुद्दा मात्र खरा आहे. त्याच्या चाकूत भाग कमी, त्यामुळे घाण साचत नाही. आपल्या चाकूच्या पिवटमध्ये, म्हणजे पातं ज्या खिळ्यावर फिरतं तिथे, आणि लॉकखाली कचरा बसतो आणि मग लॉक नीट पकडत नाही. अधूनमधून कोमट पाण्याने धुवून, पूर्ण वाळवून पिवटवर तेलाचा एक थेंब सोडा.

आणि हो, घेण्याआधी तुम्ही राहता तिथला कायदा बघा. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय लॉक होणारं पातं बाहेर बाळगता येत नाही, ३ इंचांपर्यंत धार असलेला बिनलॉकचा घडीचा चाकू तेवढा चालतो. जर्मनीतही २००८ पासून एका हाताने उघडून लॉक होणाऱ्या चाकूंवर असंच बंधन आहे. अशा ठिकाणी राहत असाल तर भावाच्याच बाजूने जा. विमानाच्या केबिनमध्ये मात्र बऱ्याच ठिकाणी त्याचाही चालत नाही.