राइडिंग मोवरचा ड्राइव्ह बेल्ट घरी बदलता येतो का? तो कुठून कसा फिरवायचा?

तुमचा प्रश्न तीनदा वाचला. बसून चालवायच्या गवत कापायच्या यंत्राचा, चाकं फिरवणारा बेल्ट तुटला, नवा आणलाय, जुन्याच्या चिंध्या झाल्यामुळे तो कोणत्या पुलीच्या कुठल्या बाजूनं जात होता ते कळत नाही. इथवर ठीक. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, 'बायको म्हणते आपण दोघं मिळून बदलू, पण तिला अशा कामात कसं घ्यायचं, म्हणून मेकॅनिकची वाट बघतोय.' हे उत्तर त्या वाक्यामुळे लिहितेय.

कऱ्हाडच्या बाजूच्या एका गावात आमची पिठाची गिरणी होती. ऑइल इंजिन, त्याच्यापुढं दळायचं जातं, मधे सपाट पट्टा. पट्टा घसरायला लागला की अण्णा त्यावर राळ टाकायचे. सांधा उसवला की दातेरी क्लिपा हातोडीनं ठोकून मधून सळी ओवायची, की पट्टा पुन्हा अखंड. हे मी हजार वेळा पाहिलं. दादाला अण्णांनी हाताला धरून शिकवलं. मी दळण मोजायचे, वहीत लिहायचे, डब्यांवर खडूनं नावं घालायचे. पट्ट्याच्या बाजूला जायला मला बंदी होती.

१९८४ च्या लग्नसराईत सांधा तुटला. दादा पुण्याला होता आणि अण्णांच्या उजव्या हाताला दोन दिवसांपूर्वीच मोठी जखम झालेली, हातोडी धरता येत नव्हती. बाहेर बायकांचे डबे ओळीनं लागलेले, त्यातल्या एका घरी दुसऱ्या दिवशी हळद. मी म्हटलं, 'अण्णा, क्लिपा मी ठोकते. तुम्ही फक्त बघा.' ते म्हणाले, 'पोरीच्या हाताला हे काम नको.' मग शेजारच्या गावातल्या मिस्त्रीला बोलावणं गेलं, तो तीन तासांनी सायकलवरून आला. क्लिपा ठोकायला त्याला दहा मिनिटं लागली. मी शेजारी उभी होते आणि त्याचा हात पुढं कुठं जाणार हे मला प्रत्येक वेळी आधी माहीत होतं.

अण्णांची भीती खोटी नव्हती. चालत्या पट्ट्यात पदर किंवा वेणी गेली तर काय होतं ते आमच्या भागात लोकांनी पाहिलेलं होतं. पण बंद इंजिनाच्या पट्ट्यात पदर जात नाही. हे मला त्या दिवशी बोलता आलं नाही. आणि दादाशी त्यावरून आजही वाद होतो, कारण तो अजून म्हणतो, 'अण्णांचं बरोबर होतं.'

आता मोवरकडे येते. आम्ही ओहायोत, दीड एकराचं यार्ड. चार वर्षांपूर्वी जूनमध्ये यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात आमच्या मोवरचा बेल्ट तुटला. मोवर ४२ इंची डेकचा (डेक म्हणजे खालचं पात्यांचं खोकं), हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअर न बदलता तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारा. इंजिन चालू, पाती फिरतायत, चाकं मात्र जागची हलत नाहीत. याच खुणेवरून ओळखायचं की डेकचा बेल्ट शाबूत आहे आणि गेलाय तो बहुधा ड्राइव्हचा. दुरुस्तीच्या दुकानात तीन आठवड्यांची रांग, न्यायला-आणायला वेगळे पैसे, आणि इकडं गवत रोज बोटभर वाढतंय. दादाला व्हॉट्सॅपवर सहज सांगितलं तर त्याचं उत्तर आलं, 'अगं, तिकडं माणसं मिळतात ना? तू कशाला त्याच्याखाली जातेस?' मी त्याच संध्याकाळी गराजचा दिवा लावला.

सीटखालचं आकृतीचं स्टिकर फाटलेलं होतं. तुमचंही गेलं असेल तर घाबरू नका, पुल्या स्वतःच रस्ता सांगतात. खाच असलेली पुली बेल्टचं पोट मागते, म्हणजे निमुळती बाजू. सपाट आयडलर, म्हणजे पट्टा ताणून धरणारी मोकळी पुली, बहुतेक वेळा बेल्टच्या पाठीवर टेकते. टॉर्च मारून बघा. खाचेच्या दोन्ही भिंती चकचकीत असतात, सपाट पुलीचा चेहरा चकचकीत असतो, आणि जिथं पट्टा कधी लागलाच नाही तिथं धूळ आणि गंज. मी वहीच्या पानावर इंजिनाची पुली, दोन आयडलर आणि मागची ट्रान्समिशनची पुली काढली, प्रत्येकीजवळ 'पोट' किंवा 'पाठ' लिहिलं, आणि रेघ आपोआप जुळली. रेघ स्वतःला कापून गेली तर समजायचं चुकलं. गिरणीत जात्याची दिशा उलटी करायची असेल तर सपाट पट्ट्याला मुद्दाम तिढा देतात. इथं तिढा म्हणजे चूकच. पट्टा बसवून झाल्यावर बोट लावून सगळी लांबी चाचपा, कुठंही पीळ नको.

डेक काढावाच लागतो. न काढता करता येतं असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. अर्ध्या तासाचं काम वाचवायला जाऊन तीन तास उताणं पडाल. डेक निघाला की पार्किंग ब्रेक लावा. माझ्यासारख्या बांधणीच्या मोवरमध्ये त्यानं आयडलरचा ताण सैल होतो आणि पट्टा हातानं हलवता येतो. नवा पट्टा मागून पुढं न्यायचा. मागच्या पुलीवर थंड हवेसाठी प्लॅस्टिकचा पंखा असतो, पट्टा त्याच्या एकेका पात्यावरून अलगद खाली उतरवत पुलीत आणायचा. स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका, पातं मोडतं. मग पुढं येताना पट्टा पेडलच्या दांड्याच्या वरून आणि स्टिअरिंगच्या दातेरी पत्र्याच्या वरून गेला पाहिजे. दांड्याच्या खालून गेला तर चालू केल्यावर घासून दोन दिवसांत जातो. इंजिनाखाली पात्यांचा इलेक्ट्रिक क्लच असतो, त्याच्याभोवतीनं पट्टा वर चढवून इंजिनाच्या पुलीत बसवायचा. माझ्यात क्लच न काढता जमलं, काहींना तो उतरवावा लागतो.

प्रत्येक पुलीजवळ पट्टा बाहेर पडू नये म्हणून एक सळई किंवा वाकवलेला पत्रा असतो, त्याला किपर म्हणतात. पट्टा किपरच्या आतून हवा. पहिल्या खेपेला पुढच्या किपरच्या बाहेरून माझा पट्टा राहिला होता. इंजिन चालू करताच जळक्या रबराचा वास. लगेच बंद केलं, पट्टा आत घेतला. एवढ्यानं पट्ट्याची कड थोडी चिंबली, पण तो टिकला.

आणि तरीही मोवर हललाच नाही.

त्या दोन संध्याकाळी मी विसरणार नाही. पट्टा पुन्हा काढला, पुन्हा घातला. वहीतली आकृती चार वेळा तपासली. आयडलरची स्प्रिंग ताणून पाहिली, घट्ट होती. पुली फिरत होती, पट्टा फिरत होता, मागची पुलीही फिरत होती, चाकं ढिम्म. हे पलंगावरून सांगत होते, 'असू दे, दुकानात देऊ.' दादाचा मेसेज पडलेला, 'झालं का?' मला आमच्या गिरणीबाहेरची ती डब्यांची ओळ दिसत होती. दुसऱ्या रात्री अकराला मागून फिरताना पायाला दांडा लागला. हायड्रोस्टॅटिक मोवर हातानं ढकलता यावा म्हणून मागं एक दांडा असतो. तो ओढला की आतलं तेल दाब न धरता वळसा घेऊन फिरतं आणि चाकं मोकळी होतात. पट्टा तुटल्या दिवशी मोवर गराजपर्यंत ढकलताना तो मीच ओढला होता. आत ढकलला, सीटवर बसले, पेडल दाबलं. मोवर पुढं सरकला. हे खिडकीतून बघत होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दादाला फोटो पाठवला. 'कोणाकडून करून घेतलंस?' असं उत्तर आलं. त्यावर मी अजून काही लिहिलेलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

बेल्ट कुठला आणलात ते तुम्ही सांगितलं नाही. गाड्यांच्या पार्ट्सच्या दुकानातला 'त्याच मापाचा' आणला असेल तर परत करा. इथल्या ओळखीच्या मंडळींत यावरून मोठे वाद होतात, 'बेल्ट म्हणजे बेल्ट' म्हणणारे पुष्कळ आहेत. तसं नसतं. ४एल म्हणजे अर्धा इंच रुंद, ५एल म्हणजे साधारण पाच-अष्टमांश इंच, पुढचे आकडे बाहेरून मोजलेली लांबी, म्हणजे ४एल९५० हा ९५ इंची. हे माप जुळलं तरी आतला दोर आणि वरचं कापड वेगळं असतं. मोवरच्या पट्ट्याला पाठीवरच्या आयडलरवर उलटं वाकावं लागतं, सैल-घट्ट होताना थोडं घसरावंही लागतं, म्हणून त्यात बहुतेक वेळा केव्हलारचे दोर आणि बाहेरून कापडाचं वेष्टन असतं. केव्हलारचा शोध १९६५ साली ड्युपाँट कंपनीत लागला, स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या हातून. पोलादापेक्षा वजनाला हलका आणि तितक्याच वजनात पाचपट मजबूत असा धागा. तो ज्या पट्ट्यात आहे तो बसवायला बाईचा हात चालत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. दादा, तूही.

राळ, बेल्ट ड्रेसिंग, फवारे, काहीही या पट्ट्यावर मारू नका. सपाट पट्ट्याला राळ ठीक होती. निमुळता पट्टा पकडतो तो खाचेच्या दोन भिंतींवर, तळाशी नाही. झिजून तो तळाला टेकला की घसरणारच, तेव्हा तो बदलायचा असतो.

तुमचा पट्टा का तुटला हेही बघा. डेक निघालेला असतानाच प्रत्येक आयडलर हातानं फिरवा. खरखर वाटली किंवा डगडगली तर तीही बदला, नाहीतर नवा पट्टा याच उन्हाळ्यात जाईल. माझ्या मागच्या आयडलरचं बेअरिंग गेलेलं होतं, पट्टा बिचारा त्याच्यापायी तुटला.

आधी सांगायला हवं होतं ते आता. काम सुरू करण्यापूर्वी किल्ली काढा आणि स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधा, मग कोणाचाही हात आत जाऊ दे. डेकखाली हात घालताना पाती धारदार असतात, जाड हातमोजे घाला. मोवर उचलणार असाल तर नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, ठोकळे किंवा स्टँड लावा. आणि मी सांगितलेला रस्ता माझ्या बांधणीच्या मोवरचा आहे. झीरो-टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारा, असेल तर पुल्यांची मांडणी वेगळी. गिअरवाला असेल तर मागचा दांडा नसतो, ढकलायला गिअर न्यूट्रलला आणतात. काही ठिकाणी सपाट आयडलर पोटाकडूनही लावतात, म्हणून चकाकीची खूण बघितल्याशिवाय माझ्या शब्दावर जाऊ नका.

राहिला तुमच्या बायकोचा प्रश्न. ती स्वतःहून म्हणतेय. तिला टॉर्च धरायला उभं करू नका, पाना तिच्या हातात द्या आणि टॉर्च तुम्ही धरा. पंख्याच्या पात्यांमधून पट्टा सरकवायला बारीक हात सोयीचा पडतो, ते काम तिचंच. सीटवर पहिल्यांदा तिला बसू दे. तुम्ही बाजूला उभं राहून कान द्या. घासल्याचा आवाज आला किंवा वास आला की तिला हात करा.

आकृती नाहीच मिळाली तर मॉडेलचा नंबर इथं खाली लिहा. तो सीटखाली किंवा मागच्या फेंडरजवळच्या पट्टीवर असतो. रात्री जेवणानंतर बघून सांगते. आणि सगळं बसवूनही चाकं हलली नाहीत, तर पट्टा पुन्हा काढण्याआधी मागचा तो दांडा आत आहे का, तेवढं तिला बघायला सांगा.