मुलांच्या पुस्तकात एखाद्या शब्दाने एवढं काय बिघडतं?

तुमचा प्रश्न असा की मुलांच्या पुस्तकातल्या शब्दांवरून आणि पूर्वग्रहांवरून आजकाल एवढा गदारोळ का होतो, आपण सगळे आळशी कावळ्याची गोष्ट ऐकूनच मोठे झालो, आपलं काय बिघडलं? शिवाय तुमचं स्वतःचं पुस्तक लिहून होत आलंय आणि कुठले शब्द टाळायचे याची यादी हवीय. यादीचं शेवटी बघू. तुम्ही कावळ्याचं नाव काढलंत म्हणून मी लिहायला बसले, नाहीतर असे प्रश्न वाचून पुढे जाते.

पुण्यातल्या एका प्रकाशनात मी आठ वर्षं प्रुफं तपासली. एकदा चिमणी-कावळ्याची गोष्ट चित्रपुस्तक म्हणून करायला आली. चोवीस पानं, शब्द जेमतेम तीनशे. मूळ गोष्ट आजी सांगते तशी सगळ्यांना पाठ आहे: कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पाऊस आला, कावळ्याचं घर गेलं वाहून. लेखिकेने त्यात दोन विशेषणं घातली होती. "आळशी कावळ्याचं घर होतं घाणेरड्या शेणाचं." मी लाल पेनाने दोन्ही खोडली. संपादकांनी दोन्हींच्या खाली टिंबं टिंबं दिली. प्रुफात टिंबं म्हणजे आहे तसं राहू दे.

मी विचारायला गेले तर म्हणाले, "अगं, शेण म्हणजे घाणच ना? आणि मुलांना एवढं काही कळत नाही."

माझं माहेर जव्हारकडचं. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर माती, शेण आणि भुसा कालवून दिलेला लेप. जमीन दर आठवड्याला सारवायची. शेणकाल्याची बादली उचलून, हाताने अर्धगोल काढत मागे मागे सरकत उंबऱ्यापर्यंत यायचं. सातवी-आठवीत हे काम माझ्याकडेच होतं आणि फेर सगळे एका मापाचे आले की आई कौतुक करायची. हे मी त्यांना सांगितलं नाही. केबिनमध्ये बसून आपलं घर कशाचं होतं हे सांगायची लाज वाटली, आणि ती लाज कुठून आली हेच खरं तर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

गंमत पुढेच आहे. त्या पुस्तकाच्या प्रत्येक पानाला वारली चित्रांची किनार होती! वारली चित्र मुळात काढतात कशावर? शेणामातीने लिंपलेल्या भिंतीवर गेरू देऊन, तांदळाच्या पिठाने. ते कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा मशेंना 2011 साली पद्मश्री मिळाली. म्हणजे भिंतीवरचं चित्र मुखपृष्ठाला चालतं, भिंत मात्र घाणेरडी.

पुस्तक छापून आलं. मी पाच प्रती गावाजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घेऊन गेले. तिसरीतला एक मुलगा उभा राहून वाचत होता, छान वाचत होता, "घाणेरड्या शेणाचं" इथे अडला. पुन्हा वाचलं. मग मला म्हणाला, "बाई, घाणेरडं शेण मंजी कोनचं? म्हशीचं?"

त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याच्या डोक्यात ते दोन शब्द एकत्र बसतच नव्हते. सारवायला गाईचं शेण बरं, म्हशीचं तेवढं चांगलं नाही, हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यातल्या त्यात त्याने अर्थ लावून पाहिला. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "आन् वाहून कसं जाईल? पावसाच्या अंगाला पेंढा नसंल लावला." मी काय सांगणार? "छपाईची चूक झालीये," म्हणाले. गुरुजींनी लगेच पाचही प्रतींत तो शब्द पेन्सिलीने खोडायला लावला. बाकीच्या नऊशे पंच्याण्णव प्रती तशाच विकल्या गेल्या.

आता दुसरं विशेषण, "आळशी". हे जास्त वाईट आहे. आजीच्या गोष्टीत कावळा भिजत दारात उभा असतो आणि चिमणी म्हणते, थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे, थांब तीट लावू दे. ऐकणारं कुठलंही पोर इथे विचारतं की चिऊताई दार का नाही उघडत? फार मोठा प्रश्न आहे हा. कावळ्याला आळशी म्हटलं की तो प्रश्नच मरतो. भोगतोय आपल्या कर्माची फळं, चिमणीकडे बघायला नको. मोठ्यांच्या कादंबरीत असं एखादं विशेषण वाहून जातं, पण तीनशे शब्दांच्या पुस्तकात, जे मूल रोज रात्री पुन्हा पुन्हा वाचून घेतं, तिथे तोच निकाल ठरतो.

"आमचं काय बिघडलं" म्हणता ना, ज्यांच्या घराला कुणी घाणेरडं म्हटलं नाही त्यांचं काहीच बिघडलं नाही. हे कडू वाटेल, पण तसंच आहे.

शिवाय वाईट शब्द एकही न वापरता पूर्वग्रह येतो. तुमच्या हस्तलिखितात बोलीत कोण बोलतं ते बघा. मोलकरीण, भाजीवाला, चोर आणि हसवणारं पात्र? आणि नायक, त्याची आई, त्याच्या बाई सगळे सदाशिव पेठेतले? मग झालंच. कृतीपुस्तकांत "आईकडून कणीक मागा, बाबांकडून हातोडी" असं मी किती वेळा "घरातल्या मोठ्यांकडून" केलंय याची मोजदाद नाही. मराठीत तर "मूल" हा नपुंसकलिंगी शब्द आयता हाताशी आहे, तरी प्रत्येक गोष्टीत "एक मुलगा होता". बालभारतीने 2019 साली दुसरीच्या पुस्तकात पुरुषही घरकाम करताना दाखवले, तेव्हा लोकांनी त्याची बातमी केली. बातमी व्हावी इतकं ते नवं होतं.

एक मात्र सांगते, नाहीतर तुम्ही मला भलत्याच गटात बसवाल. जुनी पुस्तकं खरवडून काढायच्या मी विरोधात आहे. 2023 मध्ये पफिन या इंग्रजी प्रकाशनाने रोआल्ड डाल या दिवंगत ब्रिटिश बाललेखकाच्या पुस्तकांत "जाड" वगैरे शब्द बदलले, ते मला पटलं नाही. आरडाओरडा झाल्यावर त्यांनी मूळ पाठही बाजारात ठेवायचं ठरवलं, ते बरं केलं. मेलेल्या लेखकाचं वाक्य त्याचंच असू द्यावं. आणि चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत कावळ्याचं घर शेणाचंच राहू दे, तेही बदलू नका. मी भांडतेय ते आज, नव्याने, कुणी न सांगता घातलेल्या शब्दाबद्दल.

यादी माझ्याकडे नाही. "काळा" टाळा म्हणावं तर कावळा काळाच असतो. काळा रंग फक्त चोराला आणि चेटकिणीलाच दिलाय का, एवढं तपासा. विशेषणं सगळी खोडून एकदा मोठ्याने वाचा, ज्यांच्यावाचून गोष्ट अडते तेवढीच परत घ्या. आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्या पोरांना छापायच्या आधी वाचायला द्या. आम्ही नंतर दिलं.

संपादक चांगला असेल तर तुमचे दोन-चार शब्द खोडेल, तेव्हा रागावू नका. मीही त्या दिवशी केबिनमध्ये रागावले नव्हते. "बरं सर" म्हणून टिंबं दिलेलं प्रूफ उचललं आणि खाली छपाईला पाठवून दिलं.