बंद पडलेल्या खाणीचा खड्डा बुजवायची जबाबदारी कोणाची?

तुम्ही विचारलंय : सत्तरीतल्या तुमच्या गावची लोहखनिजाची खाण थांबून वर्षं झाली, खड्डा पाण्याने भरलाय, तो कायद्याने कोणी बुजवायचा?

जबाबदारी लीज, म्हणजे खनिज काढायचा भाडेपट्टा, ज्याच्या नावावर होतं त्याची. मात्र ‘खड्डा बुजवा’ असं कायदा सरसकट सांगत नाही. भारतीय खाण ब्युरो या केंद्र सरकारच्या संस्थेने मंजूर केलेल्या खाण-समापन आराखड्यात, म्हणजे खाण बंद करताना जागा कशी सावरायची त्याच्या आराखड्यात, जे लिहिलंय ते करा, असं सांगतो. त्यात खड्डा पाणीसाठा म्हणून ठेवायला मंजुरी असेल, तर बुजवण्याचा आग्रह टिकणार नाही. मग कुंपण आणि काठांची सुरक्षितता मागायची.

हा आराखडा 2003 साली सक्तीचा झाला. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी त्याच्या दोनच वर्षं आधी, 2001 मध्ये बंद झाल्या. आराखडा नसला की काय होतं ते तिथे दिसतं. तिथले सायनाइड मिसळलेल्या चुऱ्याचे डोंगर आजही वस्तीशेजारी उभे आहेत, वारा सुटला की धूळ घराघरात जाते.

आपल्या गोव्याची अडचण वेगळी आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. अंतिम समापन आराखडा खाण बंद करायच्या दोन वर्षं आधी द्यायचा असतो. म्हणजे नियम करणाऱ्यांनी धरून चाललं की खनिज संपत येईल आणि मालक ठरवून आवराआवर करील. इथे खनिज संपलंच नाही. 2012 मध्ये बेकायदा उत्खननावरून खाणी थांबल्या, आणि 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. त्या मार्चच्या मध्याला काम बंद. दोन वर्षं आधी सांगणार कोण? पंप बंद झाले, खड्डे भरले, खाणी नुसत्या थांबून राहिल्या. खड्ड्यातून निघालेली माती तरी जवळ असावी, तर कित्येक ठिकाणी ती लीजच्या हद्दीबाहेर टाकलेली. दर पावसाळ्यात ती शेतांत आणि ओहोळांत उतरते. डिचोलीत आम्ही हे डोळ्यांनी बघतो आणि जीव तुटतो.

तरीही तुमच्या हातात काहीच नाही असं नाही. अंतिम आराखडा नसला तरी खाण चालू असताना टप्प्याटप्प्याने करायच्या कामांचा आराखडा असतोच, आणि त्याचा अहवाल मालकाला दरवर्षी द्यावा लागतो. शिवाय बँक हमी असते, म्हणजे मालकाने ही कामं केली नाहीत तर वापरायची रक्कम. 2003 मध्ये मोठ्या खाणींसाठी ती हेक्टरी 25 हजार होती, 2021 च्या दुरुस्तीने 5 लाख झाली. मला ती अजूनही अपुरी वाटते, कारण हिशेब क्षेत्रफळावर होतो, खोलीवर नाही. दहा मीटरचा खड्डा आणि साठ मीटरचा खड्डा, रक्कम तीच!

8 जानेवारी 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने खाणकामानंतर जमिनीवर पुन्हा गवत, चारा उगवेल अशी ती करून देण्याची अट लीजमध्ये घालायला सांगितलंय. अर्जात त्याचा उल्लेख करा.

खाण ब्युरोच्या मडगावच्या प्रादेशिक कार्यालयात माहिती अधिकाराखाली अर्ज टाका. मंजूर आराखडा, शेवटचे वार्षिक अहवाल, बँक हमीची रक्कम आणि तिची मुदत, एवढं मागा. कागद आले की ग्रामसभेत ठराव घ्या आणि तो ब्युरोला, खाण खात्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. कुंपणासाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे वेगळी तक्रार करा. हमीची मुदत संपत आली असेल तर ठरावासाठी थांबू नका, ती सोडू नये असं पत्र आधी द्या.