आधी आकडा लिही

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. खेड्यात राहायला जावं का, हे तू विचारलेलंच नाहीस. ते ठरलेलं आहे. अडलंय ते ‘केव्हा’वर. ‘अजून थोडे पैसे जमले की’ हे पत्रात चारदा आलंय आणि चौथ्यांदा वाचताना मला राग आला. ते वाक्य माझं आहे. अकरा वर्षं मी तेच म्हणत होते.

म्हणून आधी आकडा लिही. भाडं, किराणा, औषधपाणी, अडीनडीला गाडी, महिन्याला नेमके किती? मनात नको, कागदावर. मनातला आकडा पगाराबरोबर वाढत जातो. मी जेवढ्यावर निघायचं ठरवलं होतं तेवढे पैसे तिसऱ्याच वर्षी जमले होते. लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून कळलंही नाही. आईला माझ्याबरोबर यायचं होतं. मी निघाले तेव्हा ती नव्हती.

तू थोरो या अमेरिकन लेखकाचं उदाहरण देतोस. १८४५ मध्ये तो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला, हे सगळेच सांगतात. पण झोपडीचा खर्च त्याने अर्ध्या सेंटपर्यंत मांडला होता: २८ डॉलर साडेबारा सेंट. आणि दोन वर्षं दोन महिन्यांनी तो परतलाही. एकांताने भारावतोस, मग तो हिशेबही बघ ना!

झोपेसाठी शहर सोडतोय हे सांगायला लाजू नकोस. रात्री घराबाहेरचा आवाज ४० डेसिबलच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये सुचवलं होतं. तुझ्या खिडकीखालच्या रस्त्याला ते जमणार नाही. खेड्यातही पहाटे पंप सुरू होतो, कुत्री भुंकतात. पण पुन्हा डोळा लागतो.

मी शहरात हरले म्हणून इथे आले, असं लोक म्हणायचे. हरले नव्हते. निघाले त्याच वर्षी बढती आली होती, ती नाकारून आले. तुला हे सांगायची गरज नव्हती, तरी सांगावंसं वाटलं.

रविवारी बस आणि आकडा लिही. पुढच्या पत्रात मला बाकी काही नको, तेवढा आकडा हवा. दवाखान्याचा खर्च कमी धरू नकोस. मी तिथेच चुकले होते.