आजोबा आमच्या भागातले नावाजलेले बँकर होते. त्यांच्या वैयक्तिक कागदपत्रांचं आणि आठवणीच्या वस्तूंचं काय करावं?

मानचिन्हं वाटून टाका, कागद ठेवा. वस्तूंसाठी घरात भांडणं होतात, कागद मात्र कोणालाच नको असतात, म्हणून आधी रद्दीत तेच जातात.

आमचे आजोबाही बँकेचे अध्यक्ष. ते गेल्यावर काकांनी कोनशिलेची चांदीची थापी, मंत्र्यांसोबतचे फोटो वगैरे काचेच्या कपाटात मांडले आणि डायऱ्यांचे गठ्ठे माळ्यावर टाकले. "त्यात आहे काय, नुसते हिशेब!" हे त्यांचं पालुपद. आजोबांनी जावयाचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, कर्जाचा अर्ज फेटाळला होता. 'यांना लेकीपेक्षा बँक मोठी' हे मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि सर्वांत जास्त काकांच्याच तोंडून.

गठ्ठे मी घरी आणले. रेक्झिनच्या डायरीत त्या अर्जापुढे निळ्या शाईत 'नाही', खाली दोन रेघा. त्याच आठवड्यातली चेकची स्थळप्रत पाहिली, तर नाव जावयाचं, रक्कम अर्जात होती तेवढीच आणि खातं आजोबांचं स्वतःचं. लोकांच्या ठेवींतून द्यायचे नव्हते, म्हणून पदरचे दिले. काकांना दाखवलं, तर म्हणे, "आता काय उपयोग?" इतकी वर्षं बापाला बोल लावताना हा प्रश्न पडला नव्हता!

हिशेबात माणूस सापडत नाही म्हणणाऱ्यांनी इटलीतल्या प्रातोचा फ्रान्चेस्को दातिनी बघावा. धंदा व्यापाराचा, उतारवयात बँकही काढली, १४१० मध्ये वारला. त्याचे कागद १८७० मध्ये जिन्याखालच्या पोकळीत सापडले. दीड लाखाच्या आसपास पत्रं आणि पाचशेच्या वर हिशेबाच्या वह्या! वह्यांवर 'देवाच्या आणि नफ्याच्या नावाने' आणि पत्रांत बायकोशी चाललेली धुसफूस. काका तिथे असते तर पहिल्या दिवशीच रद्दीवाला बोलावला असता.

बाकी नेहमीचंच. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, गंजलेल्या टाचण्या काढा. फोटोंमागे नावं मऊ पेन्सिलीने लिहा. वर्तमानपत्राची कात्रणं वेगळी ठेवा, शेजारचा कागद पिवळा पडतो. जुने फॅक्स असतील तर आधी झेरॉक्स काढा, त्या कागदावरची अक्षरं उडून जातात. आणि गठ्ठा 'नीट लावू' नका. त्यांनी जे एकत्र बांधलं ते एकत्रच राहू द्या. डायरी एकीकडे आणि स्थळप्रत दुसरीकडे गेली असती, तर मला काय कळणार होतं?

हो, कर्जदारांचे अर्ज, सह्यांचे नमुने असलं काही निघालं तर ते बँकेचं, तिथे परत करा. कोणाचं थकलेलं कर्ज फेसबुकवर टाकू नका. थापी ठेवायची तर ठेवा, पण तारीख आणि प्रसंग चिठ्ठीवर लिहून. फक्त कागदांचा निर्णय काचेच्या कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्यावर सोपवू नका.